शेवटची पंधरा मिनिटे : भारतीय फुटबॉल संघाचा सराव आणि मनाचा कणखरपणा

मैदानवेडा

भारताचा पुरुष संघ २०२७ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरणार नाही, हे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर नक्की झाले. लालियानझुआला छांगटेने चौदाव्या मिनिटालाच आघाडी मिळवून दिली होती. तरीही सिंगापूरच्या सोंग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि मध्यंतरानंतर थोड्याच वेळात दुसरा गोल करून सामना आपल्या हातून काढून घेतला. तेव्हापासून ‘आपल्या खेळाडूंची मने कमकुवत आहेत, दडपण आले की ते कोसळतात’ हे निदान फुटबॉलप्रेमींच्या प्रत्येक गप्पांत ऐकू येते. मला ते मान्य नाही. या निदानामुळे खरा दोष झाकला जातो असे मला प्रामाणिकपणे वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

या तक्रारीला आधार आहे, हे मात्र आधी सांगितले पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये शारजात बहरीनशी बरोबरी झाली असती तरी आपण आशिया चषकाच्या बाद फेरीत गेलो असतो. नव्वद मिनिटे गोल न खाता काढल्यावर भरपाई वेळेतल्या पेनल्टीने सारे संपले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीच्या गोलमुळे ८१ व्या मिनिटापर्यंत आघाडीवर राहून आपण अखेरच्या काही मिनिटांत दोन गोल खाल्ले. त्याच मैदानावर २६ मार्च २०२४ रोजी, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, अफगाणिस्तानने सत्तराव्या आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोल करून आपल्याला २-१ असे हरवले. हाँगकाँगमध्ये १० जून २०२५ रोजी पुन्हा तेच घडले : भरपाई वेळ, पेनल्टी, ०-१. प्रशिक्षक बदलले, कर्णधार बदलले, गोलरक्षक बदलले, पण घड्याळाचा काटा तिथेच येऊन थांबत राहिला.

मात्र याच खेळाडूंची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. जुलै २०२३ मध्ये बंगळुरूत दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेची उपांत्य फेरी लेबनॉनविरुद्ध आणि अंतिम फेरी कुवेतविरुद्ध, अशा दोन्ही लढती यांनी पेनल्टी शूटआउटवर जिंकल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ताजिकिस्तानातल्या हिसोर येथे ओमानविरुद्ध पिछाडीवर असताना उदांता सिंगने ऐंशीव्या मिनिटाला बरोबरी साधली आणि मग शूटआउट आपण जिंकला. फातोर्डाच्या सामन्याआधी पाचच दिवस सिंगापूरमध्ये संदेश झिंगनला मध्यंतरानंतर लगेच लाल कार्ड मिळाले, संघ जवळजवळ संपूर्ण उत्तरार्ध दहा जणांनिशी खेळला, आणि तरीही रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी करून दिली. ज्यांची मने मुळातच दुबळी असतात, त्यांच्याकडून असे काही घडत नाही. तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे की तीच माणसे कधी टिकतात आणि कधी कोसळतात, आणि त्या फरकामागे काय असते.

माझे उत्तर असे आहे की मनाचा कणखरपणा सरावातच घडतो. मध्यंतरातल्या जोशपूर्ण भाषणातून तो येत नाही आणि जन्मजातही नसतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय जड झालेले असतात, श्वास पुरत नसतो, आणि अशा वेळी माणूस नव्याने विचार करत नाही. अंगवळणी पडलेले तेवढेच करतो. जे अंगवळणी पाडलेलेच नाही, ते त्या क्षणी मनाच्या जोरावर सुचावे ही अपेक्षा खेळाडूंवर अन्याय करणारी आहे.

दोहातला ११ जून २०२४ चा सामना मला या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कतारला हरवले असते तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत आपण प्रथमच पोहोचलो असतो. छांगटेने सदतिसाव्या मिनिटाला गोल केला आणि त्यानंतर बराच काळ संघ उत्तम खेळला. त्र्याहत्तराव्या मिनिटाचा कतारचा गोल हा उघड अन्याय होता : चेंडू अंतिम रेषेबाहेर गेला होता, तो ओढून आत आणला गेला, आणि व्हिडिओ पंचाची सोय नसल्यामुळे निर्णय तसाच राहिला. त्या गोलबद्दल जेवढा संताप व्यक्त केला जातो तो योग्यच आहे. पण त्यानंतर पंच्याऐंशीव्या मिनिटाला दुसरा गोल झाला. मधल्या बारा मिनिटांविषयी आपण फारसे बोलत नाही, आणि संघाच्या सरावाची खरी कसोटी त्या बारा मिनिटांतच होती. अन्याय झाल्यावर पंचांशी कोणी एकट्याने बोलायचे, बाकीच्यांनी कुठे उभे राहायचे, पुढची दोन-तीन मिनिटे चेंडू कोणाच्या पायाशी ठेवायचा, बचावफळीने किती मागे सरकायचे, प्रशिक्षकांनी बदली खेळाडू कधी उतरवायचा, या सगळ्या गोष्टी शिबिरात घोटून घेता येतात. सराव सामन्यात सहायक प्रशिक्षकाने मुद्दाम चुकीचा निर्णय द्यायचा आणि खेळाडूंना तसेच खेळायला लावायचे, ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते.

इंग्लंडचे उदाहरण याच अर्थाने लक्षात घेण्यासारखे आहे. पेनल्टी शूटआउट म्हणजे नशिबाचा खेळ, असे मानत त्या देशाने अनेक मोठ्या स्पर्धा गमावल्या. २०१८ च्या विश्वचषकाआधी गॅरेथ साउथगेट यांच्या संघाने मध्यरेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत चालत जाण्यासकट प्रत्येक गोष्टीचा सराव केला, आणि कोलंबियाविरुद्ध विश्वचषकातला आपला पहिला शूटआउट जिंकला. खेळाडूंची मने त्या एका उन्हाळ्यात पालटली नव्हती. त्या क्षणी काय करायचे हे फक्त आधीच ठरलेले होते.

दुसरे कारण मला याहून खोल वाटते, आणि ते राष्ट्रीय शिबिराच्या बाहेर आहे. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, आणि २०२४-२५ पर्यंतच्या एकाही हंगामात सर्वाधिक गोल करण्याचा मान भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. बहुतेक क्लबांत नऊ क्रमांकाच्या, म्हणजे मुख्य आघाडीवीराच्या, जागी परदेशी खेळाडू असतो, मधल्या फळीची सूत्रे बहुधा परदेशी खेळाडूकडे असतात, आणि एका गोलने मागे असताना शेवटचा चेंडू कोणाकडे द्यायचा हे सर्वांना ठाऊक असते. आपला खेळाडू पळतो, अडवतो, पास देतो. परंतु सामन्याचा निकाल ठरवणारी कृती त्याच्या वाट्याला क्वचितच येते. २०२४-२५ मध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण होता? १४ गोल करणारा, चाळिशीला पोहोचलेला छेत्री. राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेल्या त्याच छेत्रीला मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय संघात परत बोलवावे लागले. दहा महिने ज्याने निर्णायक क्षणी दुसऱ्याकडे चेंडू दिला, तो निळी जर्सी घातल्यावर अकराव्या महिन्यात एकदम निर्णय घेणारा कसा होईल?

सदस्यांनी आपली मते अवश्य मांडावीत.

---

दोहाकर

मैदानवेडा, आपले विवेचन पटते, परंतु कतारच्या सामन्याबाबत आपण खेळाडूंवर काहीसे कठोर झाला आहात असे वाटते. मी कामानिमित्त इथेच राहतो आणि इथल्या भारतीय प्रेक्षकांना त्या सामन्याचे किती अप्रूप होते ते मी पाहिले आहे. चेंडू बाहेर गेला आहे हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांना लगेच मध्यरेषेवर जाऊन पुन्हा खेळ सुरू करा असे सांगणे सोपे असते. जगातल्या नामवंत संघांचेही अशा प्रसंगी भान सुटते. शिवाय विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात व्हिडिओ पंच नसणे हा आयोजकांचा दोष आहे; त्याचे उत्तर सरावात शोधणे म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्यालाच जबाबदार धरण्यासारखे होत नाही का?

---

मैदानवेडा

दोहाकर, अन्यायाची जबाबदारी खेळाडूंवर टाकण्याचा माझा मुळीच हेतू नाही, आणि फुटबॉल महासंघाने त्या गोलविरुद्ध तक्रार केली ते योग्यच होते. मी ज्यांना प्रश्न विचारतो आहे ते शिबिर आखणारे लोक आहेत. भान सुटणे स्वाभाविक असते, हे आपले म्हणणे अगदी खरे. आणि ते स्वाभाविक असते म्हणूनच त्यासाठी तयारी लागते. त्या सायंकाळी कर्णधारपद गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूकडे होते. छेत्री पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात कुवेतविरुद्ध अखेरचा सामना खेळून निवृत्त झाला होता. तो नसताना मधल्या फळीतून संघाला सावरणारा आवाज कोणाचा असेल, हे ठरवायला आणि त्याची सवय करायला पाच दिवस पुरतात का? निवृत्ती मे महिन्यातच जाहीर झाली होती, तर हे काम तेव्हापासूनच व्हायला हवे होते.

---

अनुजा_फिजिओ

मी क्रीडा-फिजिओथेरपीच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे शारीरिक बाजूविषयी थोडे सविस्तर लिहिते.

सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात वेगाने धावण्याची क्षमता सर्वच खेळाडूंची घटते. चांगल्या आणि सामान्य संघांतला फरक ती किती घटते आणि दोन धावांमधल्या वेळात शरीर किती लवकर सावरते यात असतो. ही सावरण्याची क्षमता आठ-दहा दिवसांच्या राष्ट्रीय शिबिरात वाढवता येत नाही, ही गोष्ट चाहत्यांनी समजून घेतली पाहिजे. ती क्लबच्या हंगामपूर्व तयारीत सहा ते आठ आठवड्यांत घडते आणि नियमित, स्पर्धात्मक सामन्यांनी टिकते. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती आलेला खेळाडू आधीच घडलेला किंवा न घडलेला असतो. प्रशिक्षक त्याला फक्त ताजातवाना ठेवू शकतो आणि डावपेच शिकवू शकतो.

थकव्याचा परिणाम केवळ पायांवर होत नाही. ताजा खेळाडू चेंडू येण्यापूर्वी मान वळवून आजूबाजूला पाहतो; थकलेला खेळाडू चेंडूकडेच पाहत राहतो. त्यामुळे त्याला प्रतिस्पर्धी अर्धा क्षण उशिरा दिसतो. उशीर झाला की तो पायांऐवजी हाताने अडवतो, जर्सी ओढतो, किंवा उंच चेंडूवर वेळ चुकून धडक देतो. हाँगकाँगची पेनल्टी अशाच धडकेतून आली : गोलरक्षक विशाल कैथ चेंडू ठोसून दूर करायला पुढे आला आणि समोरच्या खेळाडूला लागला. गोलरक्षक इतरांएवढा थकत नाही, हे मान्य. पण तो कचाट्यात सापडतो ते त्याच्यापुढची फळी पाच-सहा मीटर अधिक मागे सरकल्यामुळे, आणि फळी मागे सरकते ते पाय थकल्यामुळे. बाहेरून पाहणाऱ्याला ही ‘मनाची’ चूक वाटते.

हांगझोऊ आशियाई स्पर्धेतला सप्टेंबर २०२३ चा चीनविरुद्धचा सामना सदस्यांना आठवत असेल. क्लबांनी खेळाडू सोडण्यावरून शेवटपर्यंत ओढाताण झाली, संघ आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी मैदानात उतरला. राहुल के. पी. च्या सुंदर गोलमुळे मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. अंतिम निकाल १-५ लागला. पहिल्या पंचेचाळीस मिनिटांत ज्यांची मने खंबीर होती, ती चहापानाच्या वेळेत दुबळी झाली असे कोणी म्हणणार आहे का? प्रवासाने शिणलेल्या, एकत्र सराव न केलेल्या शरीरांकडून याहून वेगळी अपेक्षा करता येत नव्हती.

---

प्रश्नचिन्ह

माझा एक आक्षेप आहे. हाँगकाँगच्या सामन्यापूर्वी मे महिन्यात कोलकात्यात शिबिर झाले होते, त्यानंतर थायलंडमध्ये सरावाचा सामनाही झाला होता. म्हणजे वेळ मिळाला होता. याउलट सिंगापूरच्या पहिल्या सामन्याआधी नवे प्रशिक्षक खालिद जमील यांच्याकडे सगळे खेळाडू वेळेवर आलेही नव्हते, तरी तिथे दहा जणांनी बरोबरी साधली. मग सरावाच्या लांबीचा आणि कणखरपणाचा संबंध आपण म्हणता तेवढा सरळ आहे का?

---

मैदानवेडा

प्रश्नचिन्ह, हा आक्षेप वजनदार आहे. संबंध सरळ नाही, हे मी मान्य करतो. मे महिन्यातले शिबिर हंगाम संपल्यावरचे होते. सुपर लीगची अंतिम लढत १२ एप्रिलला झाली होती आणि अनेक खेळाडू सामन्यांच्या लयीतून बाहेर पडले होते. थायलंडमधला तो सराव सामनाही आपण ०-२ असा हरलो. अनुजाताईंनी सांगितल्याप्रमाणे नियमित सामन्यांतून टिकणारी क्षमता शिबिरातल्या दिवसांनी भरून निघत नाही. शिवाय त्या वेळचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ हे २०२४-२५ च्या हंगामात एकाच वेळी एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ अशी दोन्ही कामे सांभाळत होते. ते गुणी प्रशिक्षक आहेत याविषयी मला शंका नाही, पण राष्ट्रीय संघाचे काम हे उरलेल्या वेळात करण्याचे काम नाही, आणि ती नेमणूक ज्यांनी केली त्यांनी हे ओळखायला हवे होते. त्यांच्या कारकिर्दीतल्या आठ सामन्यांत मालदीवविरुद्धचा एकच विजय मिळाला.

सिंगापूरच्या पहिल्या सामन्याबद्दल मला असे वाटते की दहा खेळाडू उरल्यावर प्रत्येकाचे काम अगदी स्पष्ट झाले होते. अडवायचे, आणि संधी मिळाली की पुढे जायचे. फातोर्डाला मात्र आघाडी आपली होती, मैदान आपले होते, चेंडूवर ताबा ठेवून सामना चालवायचा होता, आणि ते काम आपल्या खेळाडूंना कोणी शिकवलेलेच नाही. पिछाडीवर झुंजण्यापेक्षा आघाडी सांभाळणे हे अधिक अवघड कौशल्य आहे. त्यात २०२५ च्या जुलैत सुपर लीगच स्थगित झाली होती. खेळाडू कोणत्या सामन्यांच्या सवयीवर उभे राहणार होते?

---

मडगाव_पूर्व

फातोर्डाविषयी लिहिले जात आहे म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. सिंगापूरच्या सामन्यानंतर आठच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, त्याच मैदानावर एफसी गोवा सौदी अरेबियाच्या अल-नासरविरुद्ध खेळला. पहिल्या अर्ध्या तासातच दोन गोल खाल्ल्यावर प्रेक्षकांना मोठ्या पराभवाची भीती वाटू लागली होती. परंतु ब्रायसन फर्नांडिसने मध्यंतरापूर्वी एक गोल परत केला, आणि संपूर्ण उत्तरार्धात संघाने एकही गोल खाल्ला नाही. प्रतिस्पर्धी सिंगापूरपेक्षा कितीतरी बलाढ्य होता. फरक एवढाच होता की हे खेळाडू त्याच प्रशिक्षकाबरोबर दीर्घकाळ रोज एकत्र सराव करत आले होते, आणि एकाने जागा सोडली की दुसऱ्याने कुठे जायचे हे त्यांना सांगावे लागत नव्हते. मार्केझ यांच्यावर टीका करताना ही बाजूही ध्यानात घ्यावी; तोच माणूस पुरेसा वेळ मिळाला की काय घडवू शकतो, ते आम्ही गोव्यात पाहिले आहे.

---

जुना_कूपरेज

मी वयाने आपणा सर्वांपेक्षा बराच मोठा असेन. मनाच्या कणखरपणाची चर्चा निघाली की १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची आठवण करून देणे मला माझे कर्तव्य वाटते.

प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने पहिला सामना दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ असा गमावला. पुढे जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. ते मूळचे बचावपटू. रहीम साहेबांनी त्यांना उपांत्य आणि अंतिम सामन्यात आघाडीवर खेळवले आणि दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केले. स्पर्धेतून इस्रायल आणि तैवान यांना वगळण्यावरून भारतीय अधिकाऱ्यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे जकार्तातले प्रेक्षक आपल्या विरोधात होते, आणि अंतिम सामन्यात त्या प्रचंड जनसमुदायाच्या आरड्याओरड्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांच्या गोलमुळे आपण त्याच कोरियाला २-१ असे नमवले. कोरियाचा गोल शेवटच्या पाच-सहा मिनिटांत झाला. म्हणजे आज ज्या टप्प्यावर आपण कोसळतो, त्याच टप्प्यावर तो संघ एका गोलच्या आघाडीवर उभा होता, आणि त्याने ती आघाडी राखली. आमच्या मुंबईत खेळलेले, मूळचे गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको त्या संघाच्या मधल्या फळीत होते, याचा आम्हाला विशेष अभिमान आहे.

रहीम साहेब भाषणे प्रभावी करत, हे सगळे सांगतात. त्यांच्या सरावाविषयी मात्र कमी बोलले जाते. हैदराबादेत त्यांनी ड्रिब्लिंगला (चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्याला) बंदी असलेल्या आणि केवळ दुबळ्या पायाने खेळायच्या स्पर्धा भरवल्या होत्या. खेळाडूला अडचणीत टाकून त्यातून वाट काढायला लावणे हा त्यांचा मार्ग होता. बचावपटू आघाडीवर जाऊनही गोंधळला नाही, त्यामागे अशी वर्षानुवर्षांची घडण होती. आजच्या आशियाशी त्या काळाची तुलना होऊ शकत नाही, जपान-कोरिया कुठल्या कुठे गेले आहेत, हे मला कळते. पण घडणीचे तत्त्व बदललेले नाही.

---

चिपळूणची_वाचक

सर्व चर्चा पुरुष संघाभोवती फिरत आहे, म्हणून लिहिते. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईमध्ये आपल्या महिला संघाने यजमान आणि क्रमवारीत वरच्या असलेल्या थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशिया चषकात स्थान मिळवले. पात्रता फेरी खेळून ते मिळवण्याची ही पहिलीच वेळ. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली होती, प्रेक्षक त्यांचे होते, आणि तरीही संगीता बासफोरने चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला आपला दुसरा गोल केला. नंतरची सोळा मिनिटे आणि भरपाई वेळ या मुलींनी व्यवस्थित काढली. त्या वेळचे प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री यांनी स्पर्धेपूर्वी बंगळुरूत दीर्घ शिबिर घेतले होते. ज्या संघाला सोयी आणि पैसा पुरुषांच्या तुलनेत कितीतरी कमी मिळतो, त्याने हे करून दाखवले. मग पुरुष संघाच्या आखणीत या अनुभवाचा अभ्यास का होत नाही?

---

रंकाळा_काठ

कोल्हापुरात लहान मुलांच्या सरावाला मदत करतो, त्या अनुभवातून लिहितो. आमच्याकडे फुटबॉल तालमींच्या नावाने खेळला जातो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर असले की मुलांवर येणारे दडपण कोणत्याही लीगपेक्षा कमी नसते, कारण गल्लीतला प्रत्येक माणूस गॅलरीत बसलेला असतो. तरीही मला असे दिसते की केवळ दडपणात खेळल्याने मुले कणखर होत नाहीत. दडपणाची सवय होते, पण त्या वेळी काय करायचे हे वेगळे शिकवावे लागते.

आमच्या अनिकेत जाधवने खेळलेला २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक आठवा. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने ब्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवर डोक्याने गोल केला. फुटबॉल विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल होता. सारे मैदान आनंदाने उसळले, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना जिंकला. त्या मुलांना दोष देण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही. पण गोल खाल्ल्यावर सावरायला शिकवतात तसेच गोल केल्यावर सावरायलाही शिकवावे लागते, हे मला त्या सामन्याने दाखवले.

आम्ही आता सराव सामन्याची शेवटची पंधरा मिनिटे वेगळ्या पद्धतीने खेळवतो. एका संघाला एका गोलची आघाडी देतो आणि त्याचा एक खेळाडू बाहेर काढतो. कधी गोल झाल्याबरोबर वीस सेकंदांत खेळ पुन्हा सुरू करतो, म्हणजे आनंद करत बसणाऱ्या संघाला लगेच हल्ल्याला तोंड द्यावे लागते. पेनल्टी नेहमीच्या मुलाला न देता ज्याने महिनाभर मारलेली नाही त्याला देतो. सुरुवातीला मुले रडकुंडीला येत, काही पालकांनी नाराजीही व्यक्त केली. आता मुले आपापसांत ठरवतात की आघाडी असताना चेंडू कोणत्या कोपऱ्यात न्यायचा आणि थ्रो-इन कोणी घ्यायचा. अनुजाताईंना एक विचारायचे आहे : थकलेल्या मुलांकडून असा सराव करून घेणे शरीराच्या दृष्टीने सुरक्षित आहे का, आणि आठवड्यातून किती वेळा करावा?

---

अनुजा_फिजिओ

रंकाळा_काठ, आपला उपक्रम मला फार आवडला. वाढत्या वयातल्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि दोन्हींमध्ये किमान दोन दिवसांचे अंतर ठेवून करावा. सामन्याच्या आधीच्या दोन दिवसांत अजिबात करू नये. ज्या मुलांची उंची झपाट्याने वाढत आहे, त्यांच्या गुडघ्याखालच्या हाडावर किंवा टाचेवर दुखते का, हे दर आठवड्याला विचारावे. दुखत असल्यास त्या मुलाला धावण्याच्या भागातून वगळून निर्णयाच्या भागात ठेवावे, म्हणजे कोणाला बदलायचे आणि चेंडू कुठे ठेवायचा हे त्याने बाहेरून ओरडून सांगावे. शेवटची पंधरा मिनिटे हाताळायला तोही शिकेल. आणि तीव्र धावा टाळून केवळ परिस्थितीचा सराव चालत्या वेगाने करायचा असेल, तर तो रोज केला तरी हरकत नाही.

---

मैदानवेडा

रंकाळा_काठ, पेनल्टी नेहमीच्या मुलाला न देण्याची कल्पना माझ्या मूळ मुद्द्याला थेट भिडते. हेच क्लबांच्या राखीव संघांत आणि युवा स्पर्धांत करता येईल, कारण तिथे परदेशी खेळाडूंचा प्रश्न फारसा येत नाही आणि निकालावर कोणाची नोकरी अवलंबून नसते. आपल्या सराव सामन्यांची पद्धत नियमांसह सविस्तर लिहिली, मैदानाचा आकार, मिनिटे आणि वयोगट यांसह, तर मी ती मुंबई-ठाण्यातल्या ओळखीच्या दोन प्रशिक्षकांपर्यंत पोहोचवेन आणि त्यांचे अनुभव याच धाग्यावर मांडेन.